ब्रेकचा पाय

आमच्या विहीणबाईंची उमेदीची सगळी वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवण्यात गेली. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. विहीणबाईंचा उजवा पाय त्या ब्रेकवर असा काही मुरलाय, की ती गाडी विकून कितीतरी काळ लोटला तरी समोर कुणी चुकायला लागलं की तो आपोआप खाली दाबला जातो. माझ्या मुलाचं आणि त्यांच्या मुलीचं जमलं तेव्हा आमची पहिली भेट झाली. घाबरून मी माझ्याच मुलाचं वय चुकीचं सांगितलं, आणि टेबलाखाली धप्प असा आवाज आला. मला वाटलं, मांजर असेल.

मी ग्रंथालयात नोकरीला होतो. नव्या पुस्तकांची वर्गवारी करायची, पाठीवर चिठ्ठी डकवायची आणि फळीवर ठेवायचं. तिथं बोलायची वेळ फारशी येत नसे, आणि आलीच तर हळू बोलायचा नियमच होता, त्यामुळे माझं निभावून गेलं. आमची ही गेल्यावर मी घरात पुस्तकांबरोबर बरा होतो, म्हणजे मला तसं वाटत होतं. मग एका मंगळवारी विहीणबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमच्यावर धूळ बसायला लागलीय. पायात काहीतरी घाला आणि चला."

त्या मला ब्रिज खेळायला घेऊन गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही जोडीनं खेळतो.

आमचा क्लब म्हणजे घड्याळवाल्यांच्या दुकानावरची खोली. तीन टेबलं, बारा खुर्च्या, आणि एक पंखा जो फिरतो पण वारा देत नाही. खाली दुकानात दुरुस्तीला आलेली घड्याळं टांगलेली असतात, आणि त्यांतली कुठलीही दोन एका वेळी ठोके देत नाहीत. म्हणूनच की काय, वरच्या खोलीत मालकांनी वाळूचं घड्याळ ठेवलंय. पूर्वी एक सभासद पहिलं पान टाकायच्या आधी इतका विचार करायचे की बाकीच्यांचा चहा निवून जाई. त्यांच्यामुळे नियम झाला. ज्याला विचार करायचाय त्यानं वाळू उलटी करावी, ती खाली सरली की पान टाकावं. ते सभासद गेले, नियम राहिला. पण वाळूला कुणी हात लावत नाही. वाळू उलटी केली म्हणजे आपल्याला काही सुचत नाही, अशी कबुलीच की.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. समोरासमोरचे दोघे जोडीदार. आधी बोली होते, म्हणजे तेरापैकी किती हात करू आणि हुकूम कोणता, याचं वचन. बोली जिंकणाऱ्या जोडीत त्या हुकुमाचं नाव ज्यानं आधी घेतलं असेल, तो एकटा खेळतो. त्याचा जोडीदार आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. डमीनं बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, चेहराही करायचा नाही.

मला डमी व्हायला फार आवडायचं. ब्रिजवर मी जितकं वाचलंय तितकं आमच्या क्लबात कुणी वाचलं नसेल, पण खेळायची वेळ आली की माझे हात गार पडतात. म्हणून मी एक युक्ती शोधली होती. हातात चांगला रंग आला तरी त्याचं नाव आधी घ्यायचं नाही. विहीणबाई घेईपर्यंत वाट बघायची, मग मान डोलवायची. म्हणजे खेळणार त्या आणि मी समोर चहा पीत बसणार. कधी त्या घेतच नसत, आणि आमचा चांगला डाव वाया जाई.

मला वाटायचं, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

त्या मंगळवारी जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबल्या. "एक सांगून ठेवते. दातांच्या डॉक्टरांनी मला विचारलंय."

"काय विचारलंय?"

"लग्नाचं नव्हे, घाबरू नका. यापुढं त्यांच्या जोडीला बसाल का, असं विचारलंय. उत्तर आज द्यायचंय."

मी कठडा धरला. "मग? तुम्ही काय ठरवलंत?"

"ते तुमच्यावर आहे. अहो, जन्मभर मी दुसऱ्यांना गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. इथं तुम्ही मला कायमची ड्रायव्हर करून ठेवलीत, आणि आपण मागच्या सीटवर पुस्तक वाचत बसता. आज एक तरी डाव तुम्ही स्वतः खेळायचा. जिंकायचाही. नाहीतर पुढच्या मंगळवारपासून मी डॉक्टरांसमोर."

"आणि मी?"

"तुम्हाला घड्याळवाले मिळतील. चांगले आहेत. बोलत नाहीत, तुमच्यासारखेच."

उरलेला जिना मी कसा चढलो, आठवत नाही. घड्याळवाल्यांविरुद्ध माझी काही तक्रार नव्हती. पण मंगळवार म्हणजे माझ्यासाठी पत्ते नव्हतेच खरं तर. समोर विहीणबाई, त्यांची चष्म्यावरून बघायची तऱ्हा, आणि घरी जाताना रस्ताभर प्रत्येक डावाचं पोस्टमार्टेम. घड्याळवाले तर दुकानातच राहतात. त्यांच्याबरोबर घरी कोण जाणार?

नेमकं त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर डॉक्टर आणि घड्याळवाले होते. डॉक्टर माझ्या डाव्या हाताला बसले. माणूस दिलदार, पण दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून स्वतः एकटेच बोलत राहायची त्यांना सवय.

"काय लायब्ररीवाले," ते म्हणाले, "आज काय वाचून आलात?"

"काही नाही," मी म्हणालो. खोटं होतं ते. चाळीसेक पानं वाचून आलो होतो.

पहिले काही डाव इकडचे तिकडचे झाले. मग माझी वाटायची पाळी आली. पानं उचलली, लावली, आणि मला घाम फुटला. इस्पिकची सहा पानं, एक्का आणि राजा धरून. बदामचा एक्का. चौकटचा एक्का आणि गुलाम. किलवरचा राजा. आणि पहिली बोली माझीच. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या पानांकडे बघत होत्या. कधी नव्हे त्या आज माझ्या मदतीला येणार नव्हत्या.

"एक इस्पिक," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला," डॉक्टर म्हणाले. "भूल दिलेली नाहीये तुम्हाला."

"एक इस्पिक."

डॉक्टर पास. विहीणबाई म्हणाल्या, "तीन इस्पिक." म्हणजे त्यांच्याकडेही इस्पिक भरपूर, वर चांगली पानं. कुणीही शहाण्यानं इथून उंच उडी घेतली असती. मी म्हणालो, "चार." चार पुरेसे होते. बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे असतात, म्हणजे चारमध्ये दहाच हात करायचे होते, झाकली मूठ राहिली असती.

"चार नो ट्रम्प," विहीणबाई म्हणाल्या.

शब्दशः ही बिनहुकुमाची बोली, पण इथं हा एक प्रश्न असतो. तुझ्याकडे एक्के किती, असा. त्याचं उत्तर ठरलेल्या बोलीत द्यावं लागतं, टाळता येत नाही. तीन एक्के म्हणजे "पाच इस्पिक". मी तसं सांगितलं.

"सहा इस्पिक," त्या म्हणाल्या आणि पानं मिटून घेतली.

सहा म्हणजे स्लॅम. तेरापैकी बारा हात. एकच सोडायची मुभा.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या जोडीदारानं चारवर गाडी उभी केली होती."

"त्यांचे चार म्हणजे लोकांचे साडेपाच असतात, डॉक्टर. उतारी करा तुम्ही."

डॉक्टरांनी बदामचा राजा उतारी केला. विहीणबाईंनी आपली पानं मांडली. इस्पिकची राणी, गुलाम, अठ्ठी, दुर्री. बदामची फक्त सत्ती आणि चव्वी. चौकटचा राजा, दश्शी, पंजी. किलवरचा एक्का आणि तीन किरकोळ पानं. मांडून झाल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली. उजवा पाय खाली, त्यावर डावा. हाही आमच्या क्लबातला नियमच आहे, फक्त त्यांच्यापुरता. एकदा त्या डमी असताना त्यांच्या तेव्हाच्या जोडीदारानं चुकीच्या पानाला हात लावला, आणि त्यांचा पाय असा आपटला की त्यानं पान परत ठेवलं. घड्याळवाल्यांनी हरकत घेतली. तेव्हापासून डमी झाल्या की त्या आपल्या पायावर बसतात.

मी डमीतल्या पानाला हात लावणार तोच खाली कुठलंसं घड्याळ ठोके द्यायला लागलं. मी हात मागं घेतला, वाळू पुढं ओढली आणि उलटी केली.

"अरे वा," डॉक्टर खुर्चीला टेकले. "आता चहा पिऊन होईल."

घड्याळवाल्यांनी मात्र वाळूकडे अशा कौतुकानं पाहिलं, जणू त्यांचं बंद पडलेलं घड्याळ सुरू झालं होतं.

मी मोजायला लागलो. बदामचा एक्का आत्ता जाणार. मग माझ्या हातात बदामची छक्की उरणार, समोर सत्ती. तो हात गेलाच, आज ना उद्या. सोडायची मुभा होती ती तिथं संपली. इस्पिकचं भय नव्हतं, दहा पानं आमच्याकडेच. किलवरला एक्का आणि राजा, पुढची दोन पानं मी हुकुमानं मारू शकत होतो. उरली चौकट. एक्का, राजा, गुलाम, दश्शी, सगळे आमच्याकडे. फक्त राणी नाही.

ती राणी डॉक्टरांकडे असेल तर एका बाजूनं खेळायचं, घड्याळवाल्यांकडे असेल तर दुसऱ्या बाजूनं. बरोबर ओळखलं तर बारा हात. चुकलो तर अकरा, आणि पुढच्या मंगळवारी माझ्यासमोर घड्याळवाले.

मी दोघांकडे पाहिलं. डॉक्टर कपात बिस्कीट बुडवत होते. घड्याळवाले वाळू बघत होते. माझं मन म्हणालं, घड्याळवाल्यांकडे आहे, शांत माणसाकडेच राणी असते. लगेच दुसरं मन म्हणालं, हे कुठलं शास्त्र? वाळू अर्धी झाली. ठरवायचं म्हटलं की माझं असंच होतं. हॉटेलात गेलो तरी मी विचारतो, तुम्ही काय घेताय? ही असताना शर्टाचा रंगसुद्धा तीच ठरवायची. कुणीतरी दुसऱ्यानं ठरवलं की मला बरं वाटतं. इथंही कुणी दुसऱ्यानं ठरवलं तर...

आणि मी तिथंच थांबलो.

दुसऱ्यानं का ठरवू नये?

चौकटची सुरुवात मी केली तर राणी मला शोधावी लागणार. पण समोरच्यांपैकी कुणी केली तर राणी कुठंही असो, माझं शेवटचं पान पडेपर्यंत ती उघडी पडणार. म्हणजे मी चौकटला हातच लावायचा नाही. आधी त्यांचे हुकूम काढायचे. मग दोन्हीकडची किलवरं संपवायची. आणि मग जो हात नाहीतरी जाणारच आहे, तो बदामचा हात त्यांना स्वतःहून द्यायचा. घ्या, आता तुम्ही खेळा. किलवर किंवा बदाम खेळलात, तर ती आमच्याकडे कुठंच उरलेली नसतील. एका बाजूनं हुकूम मारीन, दुसऱ्या बाजूनं चौकटचं नकोसं पान फेकून देईन. चौकट खेळलात, तर राणी तुम्हीच दाखवलीत.

हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं. पण हे माझ्यासाठीच लिहिलंय, असं कधी वाटलं नव्हतं. जन्मभर मी निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालत आलो, आणि इथं तेच नेमकं करायचं होतं. या कामाचा माझ्याइतका अनुभव त्या खोलीत कुणाला होता?

एकच अट होती. बदामचा हात देताना आमच्या दोन्ही बाजूंना एकेक हुकूम शिल्लक पाहिजे. हुकुमाची उधळपट्टी चालणार नव्हती.

वाळू सरली. मी बदामच्या एक्क्यानं पहिला हात घेतला. इस्पिकचा एक्का खेळलो, दोघांनीही इस्पिक दिलं. इस्पिकचा राजा. डॉक्टरांनी नव्वी दिली, घड्याळवाल्यांनी किलवर टाकलं. आणि माझी बोटं सवयीनं तिसऱ्या इस्पिककडे गेली. घाबरलेला माणूस हुकूम खेळत राहतो, तेवढाच वेळ निघतो. बोटं पानावर पोचली, पान अर्धवट वरही आलं. मी कान टवकारले. धप्प नाही. विहीणबाई मांडी घालून छताकडे बघत होत्या.

मग माझं मीच मोजलं. त्यांची तीन इस्पिक होती, तिन्ही पडली. आता आणखी एक काढलं, तर शेवटी समोर हुकूम उरणार नाही आणि सगळी योजना पाण्यात. मी पान खाली सारलं. माझा उजवा पाय, काय सांगू, टेबलाखाली फरशीवर घट्ट दाबलेला होता.

पुढचं सरळ गेलं. किलवरचा राजा, किलवरचा एक्का. समोरून तिसरं किलवर, ते मारलं. इस्पिकच्या राणीवर समोर गेलो, चौथं किलवर आणलं, तेही मारलं. माझ्याकडे एक इस्पिक, समोर एक इस्पिक. दोन्हीकडे बदामचं एकेक पान. बाकी चौकट.

मी बदामची छक्की टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "घ्या डॉक्टर."

एवढं मोठ्यानं मी त्या खोलीत कधी बोललो नव्हतो. शेजारच्या टेबलावरच्या एक बाई वळून बघायला लागल्या.

डॉक्टरांनी बदामच्या राणीनं हात घेतला. "आला का आमचा हात," ते म्हणाले आणि पुढचं पान काढायला गेले. मग थांबले. हातातल्या पानांकडे बघितलं, डमीकडे बघितलं, परत हातात बघितलं. बिस्किटाचा ओला तुकडा कपात पडला.

"च्यायला," ते हळूच म्हणाले.

"काय झालं?" घड्याळवाल्यांनी विचारलं. 'पास' सोडलं तर त्या संध्याकाळचे ते त्यांचे पहिले शब्द.

"काही नाही. दाढ दुखतेय."

घड्याळवाल्यांनी हात लांब केला आणि वाळू उलटी करून आपल्याच जोडीदारापुढे ठेवली. नियमात हे बसत नव्हतं, कारण वाळू पहिल्या पानासाठी असते. पण मालकच ते, कोण बोलणार? डॉक्टर वाळूकडे बघत राहिले. बदाम खेळावं तर मी मारणार. चौकट खेळावी तर... मला त्यांची दयाच आली. ठरवणं किती कठीण असतं हे मला माहीत होतं. सांगावंसं वाटलं की, डॉक्टर, काहीही केलंत तरी एकच आहे, जिवाला लावून घेऊ नका.

शेवटी त्यांनी चौकटची छक्की टाकली. डमीतून मी पंजी दिली. घड्याळवाल्यांची अठ्ठी. आणि माझा गुलाम. राणी डॉक्टरांकडेच होती, मी ज्यांच्याकडे नाही म्हणणार होतो त्यांच्याकडे. माझं मन ऐकलं असतं तर मी बुडालो होतो.

उरलेली पानं मी उघडी करून ठेवली. चौकटचा एक्का, चौकटची चव्वी, इस्पिकची दश्शी. समोर चौकटचा राजा. "बाकीचे आमचे," मी म्हणालो. आवाज थोडा चिरकला, पण ऐकू गेला.

"बारा," घड्याळवाले म्हणाले, आणि बोलायची चटक लागल्यासारखं पुढं म्हणाले, "छान चालवलंत. टिकटिक एकसारखी."

डॉक्टर पानं गोळा करायला लागले. "लायब्ररीवाले, मला वाटलं तुम्ही राणी शोधणार. मी केव्हापासून चेहरा सांभाळून बसलो होतो. बिस्कीटसुद्धा मुद्दाम खात होतो."

"मला सापडलीच नसती," मी खरं ते सांगितलं. "म्हणून तुमच्यावर सोपवलं."

विहीणबाई त्यावर पहिल्यांदा बोलल्या. डमीला बोलायची परवानगी आता होती. "म्हणजे शेवटी दुसऱ्याच्याच गळ्यात घातलंत ना?"

"हो."

"सुधारणार नाही तुम्ही."

"नाही, पण यावेळी कुणाच्या गळ्यात घालायचं ते मी ठरवलं."

चष्म्यावरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं तोंड एका बाजूनं हलायला लागलं, आणि त्या अशा हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे लोक काय झालं ते न कळताच हसले.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "बाई, माझ्या प्रश्नाचं राहिलं. पुढच्या मंगळवारी माझ्यासमोर बसताय ना?"

विहीणबाई उत्तर द्यायला म्हणून पाय खाली सोडायला गेल्या आणि त्यांनी टेबलाची कड धरली. चेहरा आंबट झाला. "अगं आई."

"काय झालं?" मी उठलोच.

"पायाला मुंग्या आल्यात. उजव्या. गुडघ्यापासून खाली पाय आहे की नाही तेच कळत नाहीये. व्याहीबुवा, किती वेळ लावलात हो, सबंध डावभर मी त्या पायावर बसून होते. एकदा तर तो इतका जोरात उठायला बघत होता की मी दोन्ही हातांनी दाबून धरला."

"तिसऱ्या इस्पिकला?"

"तिसऱ्या इस्पिकला."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "माझं उत्तर?"

विहीणबाईंनी दोन्ही हातांनी पोटरी चोळायला सुरुवात केली. "अहो डॉक्टर, मला या खुर्चीवरून उठताच येत नाहीये. तुमच्यासमोर येऊन बसू कशी?"

"मुंग्या काय, दोन मिनिटांत जातील."

"जातील. पण आता हे दर मंगळवारी होणार. मी आता डमी आहे. तुमच्याबरोबर खेळले तर पाय आपटून आपटून खालच्या घड्याळांच्या काचा फुटतील."

"खर्च माझ्यावर येईल," घड्याळवाले गंभीरपणे म्हणाले. "बाईंनी तिथंच बसावं."

डॉक्टरांनी हात वर केले, मग माझा हात धरून जोरात हलवला. त्यांच्या हाताला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. पुढची वाटायची पाळी त्यांची होती. ते पानं पिसायला लागले. मी टेबलाला वळसा घालून विहीणबाईंची चप्पल त्यांच्या पायापर्यंत सरकवली, कारण त्यांना ती कुठं आहे ते कळत नव्हतं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "पुढचा डाव बघून घालते. परत मांडी घालावी लागली तर?"

मी जागेवर येऊन पानं उचलली. फार चांगली नव्हती. बदामची पाच होती, त्यात राणी.

डॉक्टर पास म्हणाले. विहीणबाई पास म्हणाल्या. घड्याळवाले पास म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एक बदाम," मी म्हणालो. कुणीही मोठ्यानं बोला म्हणालं नाही.